वर्गणीची विद्या

गेल्या श्रावणात एका संध्याकाळी दारावरची घंटा वाजली. गणपतीची वर्गणी मागायला मुले आली असतील अशा समजुतीने मी पाकीट हातात घेऊनच दार उघडले. बाहेर तीन महाविद्यालयीन विद्यार्थी उभे होते. हातात पावतीपुस्तक, आणि हल्लीच्या पद्धतीप्रमाणे मोबाईलवरून पैसे पाठवण्याची ती काळी-पांढरी चौकटही. पण वर्गणी गणपतीची नव्हती. त्यांच्या वर्गातल्या एका मुलीला जर्मनीतील विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. तिकडे शुल्क फारसे नाही. परंतु वर्षभराच्या राहण्याखाण्याची रक्कम आधी खात्यावर दाखवावी लागते. वडील रिक्षा चालवतात. मुलांच्या सेवामंडळाने ही रक्कम उभी करण्याचा चंग बांधला होता.

माझ्या तोंडून सहज प्रश्न गेला, "काय रे, ती हे पैसे परत करणार आहे का?"

मुले एकमेकांकडे पाहू लागली. मग त्यांच्यातला म्होरक्या म्हणाला, "आजोबा, तसं काही आम्ही तिला विचारलेलं नाही."

मी पैसे दिले आणि दार लावले. पण तो प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. परदेशी शिकायला जाणाऱ्याला दुसऱ्याचा पैसा लागतो, ही गोष्ट आपल्याकडे दीडशे वर्षांहून जुनी आहे. तो पैसा कोणी दिला, कसा जमवला, आणि मुख्य म्हणजे देणाऱ्याने त्याच्याबरोबर कोणती गाठ बांधून दिली, याचा इतिहास मात्र आपण सलग कधी वाचीत नाही. आनंदीबाई आपल्याला ठाऊक असतात, बाबासाहेब ठाऊक असतात. त्यांच्या बोटीच्या भाड्याची कथा ठाऊक नसते. ती कथा या निमित्ताने सांगावीशी वाटते.

१

विद्यार्थ्यांनी मंडळ काढून परोपकाराला लागावे, ही कल्पनाच मुळी आपल्याकडे मुंबईच्या एल्फिन्स्टन विद्यालयात रुजली. १८४८ साली तेथील विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. मराठी व गुजराती भाषांतून व्याख्याने देण्यासाठी तिच्या ज्ञानप्रसारक शाखाही निघाल्या. निबंध वाचणे आणि त्यावर वाद घालणे हा आरंभीचा उद्योग. पण निबंध वाचता वाचता या तरुणांच्या ध्यानात आले की, स्त्रीशिक्षण हवे असे कागदावर सिद्ध करून एकही मुलगी शिकत नाही. तेव्हा १८४९ मध्ये त्यांनी मुलींच्या शाळाच उघडल्या. पैसा नव्हता, म्हणून आपले स्वतःचे काम सुरू होण्यापूर्वी सकाळच्या प्रहरी ते फुकट शिकवीत. त्यांच्यात विशीपंचविशीचे दादाभाई नौरोजी होते. सुट्टीच्या दिवशी घरोघर जाऊन बापांची मनधरणी करावी लागे, आणि एकदोघांनी तर आपल्याला जिन्यावरून खाली ढकलून देण्याची धमकी दिली होती, अशी आठवण दादाभाईंनी उतारवयात सांगितली आहे. पुढे कामा कुटुंबाने पैशाचे साहाय्य केले, नाना शंकरशेटांनी जागा दिली, आणि शाळा पायावर उभ्या राहिल्या.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. शेटजींचा पैसा मागाहून आला. आधी विद्यार्थ्यांची सकाळ खर्ची पडली. वर्गणीचा पहिला हप्ता बहुधा असाच वेळेच्या नाण्यात भरावा लागतो.

विलायतेच्या शिक्षणाला मात्र सकाळचे दोन तास पुरण्यासारखे नव्हते. तेथे थैलीच हवी. आणि ती मुंबईत अकस्मात उघडली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला, आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या घरी सोन्याचा पाऊस पडू लागला. त्या भरात रुस्तमजी जमशेटजी जिजीभाई यांनी पाच हिंदी तरुणांना विलायतेत पाठवून बॅरिस्टर करून आणण्यासाठी दीड लाख रुपये देऊ केले. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी ज्यांची निवड केली त्यांत फिरोजशहा मेहता होते. १८६४ च्या अखेरीस ते लंडनला पोचले. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतले युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, जुलैमध्ये मुंबईचा शेअरबाजार बुडाला, आणि त्याबरोबर ती देणगीही आटली. फिरोजशहांनी नेट धरून १८६८ मध्ये बॅरिस्टरी पुरी केली खरी. पण एका धनिकाच्या औदार्यावर टांगलेली विद्या त्या धनिकाच्या तेजीमंदीबरोबर कशी हेलकावे खाते, हा धडा मुंबईला पहिल्याच प्रयोगात मिळाला.

२

यानंतर अठरा वर्षांनी एक मराठी मुलगी स्वतःच वर्गणी मागायला उभी राहिली. 'मागायला' हा शब्द मी जपून वापरतो, कारण तिने हात पसरला नाही. तिने भाषण केले.

आनंदीबाई जोशी यांची कथा मी पुन्हा सांगत नाही. गोपाळराव टपालखात्यात, बदल्या होत होत हे जोडपे बंगालमध्ये श्रीरामपूरला आले होते. गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेले पत्र त्याच्या मासिकात छापून आले. उत्तरात मदतीपेक्षा धर्मांतराचा उपदेशच अधिक होता. पण न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे बसल्या बसल्या ते मासिक चाळले, आणि कधी न पाहिलेल्या हिंदू मुलीला त्या पत्रे लिहू लागल्या. पहिली 'परदेशी शिष्यवृत्ती' म्हणायची तर ती ही, एका गृहिणीच्या घरातली एक खोली.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात अठरा वर्षांच्याही न झालेल्या आनंदीबाईंनी आपण अमेरिकेला का जातो, हे इंग्रजीतून सांगितले. इथे वैद्यक का शिकत नाही, एकटी का जातेस, जातीने वाळीत टाकले तर काय करशील, असे जे प्रश्न लोक विचारीत ते एकेक घेऊन तिने त्यांची उत्तरे दिली. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे तिने सभेत सांगितले. या भाषणानंतर मदतीचा ओघ सुरू झाला. खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी त्यात भर घातली. दागिने विकून काही रक्कम उभी राहिली होती. ७ एप्रिलला कलकत्त्याहून तिची बोट सुटली. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाने शिष्यवृत्ती दिली, आणि ११ मार्च १८८६ रोजी ती डॉक्टर झाली.

त्या पदवीदानाला इंग्लंडहून एक पाहुणी आली होती: पंडिता रमाबाई. त्यांचे स्वतःचे जाणेही असेच कष्टाच्या पैशावर झाले होते. 'स्त्रीधर्मनीति' या आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून त्यांनी बोटीच्या भाड्याची तजवीज केली, आणि चेल्टनहॅमच्या मुलींच्या महाविद्यालयात संस्कृत शिकवून आपल्या शिक्षणाची फेड केली. थोड्या दिवसांसाठी म्हणून अमेरिकेत आलेल्या रमाबाई तेथे दोन वर्षांहून अधिक राहिल्या, आणि गावोगाव बोलत हिंडल्या. बालविधवांसाठी त्यांना शाळा काढायची होती.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. रमाबाईंच्या कामासाठी अमेरिकेत जागोजाग 'रमाबाई सर्कल' म्हणून छोटी मंडळे निघाली, आणि त्यांतले पहिले काढले ते कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या मुलींनी. नियम साधा होता: प्रत्येक सभासदाने वर्षाला निदान एक डॉलर द्यावा, आणि तो दहा वर्षे द्यावा.

दहा वर्षांची ही अट मला मोठी शहाणपणाची वाटते. भाषण ऐकून डोळे पाणावतात तेव्हा खिशातले असेल ते देऊन टाकणे सोपे आहे. पण पुढल्या वर्षी, आणि त्याच्याही पुढल्या वर्षी, जेव्हा वक्ती सातासमुद्रांपलीकडे निघून गेलेली असते, आपले शिक्षण संपलेले असते, लग्न झालेले असते, तेव्हा आठवणीने डॉलर पाठवणे हे व्रत आहे. त्या काळचा डॉलर म्हणजे आपले सुमारे तीन रुपये. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला या सर्व मंडळांची मिळून रमाबाई असोसिएशन उभी राहिली, आणि ११ मार्च १८८९ रोजी, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीदानानंतर बरोबर तीन वर्षांनी त्याच तारखेला, मुंबईत शारदासदन उघडले.

तोवर आनंदीबाई राहिल्या नव्हत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाची जागा त्यांची वाट पाहत होती. पण क्षय बरोबर घेऊनच त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. एकही रोगी त्यांच्या हातून बरा होण्याची संधी मिळाली नाही. हिशेबी माणूस म्हणेल, वर्गणी बुडाली. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या, आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवल्या गेल्या. मुलगी पोटची नव्हे, तरी त्या घराने तिला जागा दिली.

वर्गणी बुडाली का? शारदासदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. ११ मार्च १८९३ रोजी तिचा पुनर्विवाह झाला. वराचे नाव धोंडो केशव कर्वे. तारीख पुन्हा तीच. हिंगण्याच्या आश्रमाची आणि पुढे महिला विद्यापीठाची गंगोत्री शोधीत गेले तर वाटेत कॉर्नेलच्या त्या मुलींचा एकेक डॉलर लागतो.

मात्र सगळे गोड झाले असे नाही. शारदासदनातल्या मुली ख्रिस्ती होऊ लागल्याची ओरड झाली; धर्माच्या बाबतीत शाळा तटस्थ राहील, असे वचन देणगीदारांना दिलेले होते. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी अंग काढून घेतले. दूरच्या माणसाचा पैसा आला की त्याच्याबरोबर येथल्या माणसाचा संशयही येतो.

३

याच सुमारास जमशेटजी टाटांनी एक निराळीच वाट काढली. १८९२ मध्ये त्यांनी परदेशी शिक्षणासाठी जो निधी काढला त्याची रक्कम दान म्हणून नव्हे, तर कर्ज म्हणून मिळे. प्रथमदर्शनी हे कोरडे वाटते. पण त्यात माणूस ओळखण्याची नजर होती. दान घेणाऱ्याची मान खाली जाते. कर्ज घेणाऱ्याची जात नाही, आणि फेडलेला रुपया मागून येणाऱ्याच्या कामी पडतो. फिरोजशहांच्या वेळची देणगी बाजाराबरोबर बुडाली. टाटांचा निधी फेडीतून पुन्हा भरत राहिला. आरंभीच्या काळात या निधीने ज्यांना उचलून धरले त्यांत फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर या दोघी डॉक्टर होत्या. आनंदीबाईंची रिकामी राहिलेली जागा अशा रीतीने दुसऱ्या मुली भरून काढू लागल्या.

१९०५ मध्ये लंडनमध्ये श्यामजी कृष्णवर्मांनी प्रत्येकी दोन हजार रुपयांच्या शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. अट अशी की, घेणाऱ्याने पुढे इंग्रज सरकारची चाकरी पत्करू नये. सरदारसिंग राणांनी त्यांत राणा प्रताप, शिवाजी आणि एक मुसलमान बादशहा यांच्या नावांच्या शिष्यवृत्त्यांची भर घातली. लोकमान्यांच्या शिफारशीने त्यांतली शिवाजी शिष्यवृत्ती विनायक दामोदर सावरकरांना मिळाली, आणि ९ जून १९०६ रोजी ते मुंबईहून निघाले. त्या दोन हजारांचे पुढे काय झाले, हा एक स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे.

पण मला या काळातला खरा नवलाचा उद्योग वाटतो तो अंताजी दामोदर काळे यांचा. काळे धनिक नव्हते, प्रख्यात पुढारीही नव्हते. त्यांची कल्पना एका वाक्यात मावते: देशातल्या प्रत्येक माणसाने वर्षाला एक पैसा द्यावा. रुपयाचे चौसष्ट पैसे. तेव्हा चौसष्ट दारे हिंडावे तेव्हा एक रुपया जमणार! शहाणे लोक हसले असतील तर त्यांना दोष देता येत नाही. तरीही काळे गावोगाव हिंडले, लोकमान्यांनी पाठबळ दिले, आणि या पैसाफंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला.

हा कारखाना चालवायला तज्ज्ञ कुठला आणला? ईश्वरदास वार्ष्णेय हे गृहस्थ जपानमध्ये काचकाम शिकून, पुढे अमेरिकेत बोस्टनच्या प्रसिद्ध तंत्रविद्यालयात अध्ययन करून आले होते. म्हणजे परदेशात मिळवलेली विद्या आणि खेड्यातल्या शेतकऱ्याने दिलेला पैसा, ही दोन टोके तळेगावच्या भट्टीपाशी एकत्र आली. येथे काच तर होत असेच, शिवाय काच करणारी माणसेही घडत. शंभर मुलांना परदेशी पाठवण्यापेक्षा परदेशाहून शिकून आलेल्या एकाच्या हाताखाली शंभर मुले बसवावीत, हा धडा पैसाफंडाने घातला. आणि कर्ज असो, देणगी असो, ती ज्याने दिली त्याचे नाव आपण ओळखतो. पैसाफंडात मात्र देणाराही अनाम आणि घेणाराही अनाम. याहून निर्मळ देणे मला दुसरे ठाऊक नाही.

४

देण्याघेण्याच्या या इतिहासातील सर्वांत बोचरा अध्याय बडोद्याचा आहे.

कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याला सयाजीराव महाराजांपुढे उभे केले, आणि बी. ए. होईपर्यंत दरमहा पंचवीस रुपये मिळाले. १९१३ मध्ये महाराजांनी त्यांना अमेरिकेला पाठवले: दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. बदल्यात करार असा की, परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करायची. अट अन्यायाची नव्हती. ज्या रयतेच्या पैशावर शिकायचे तिची सेवा करायची, यात गैर काय?

कोलंबिया विद्यापीठातले अध्ययन आटोपून आंबेडकर लंडनला गेले. पण मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. महायुद्ध चालू होते. ज्या बोटीवर त्यांचे सामान आणि पुस्तके होती ती पाणतीराने बुडाली. करार पाळायला बडोद्याला जायचे तर प्रवासखर्चाचे पैसे नाहीत. शेवटी बुडालेल्या सामानाबद्दल टॉमस कुक कंपनीकडून जी सहाशे रुपयांची भरपाई आली तिच्यातून भाडे निघाले. समुद्राने पुस्तके घेतली आणि तिकीट दिले!

बडोद्याला काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. कचेरीतले शिपाई कागद दुरून फेकीत. राहायला जागा मिळेना. एका पारशी खाणावळीत नाव लपवून ते राहिले, आणि जात कळताच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. कोलंबियाचा पदवीधर संध्याकाळी एका झाडाखाली बसून रडला. महाराजांनी शिष्यवृत्ती दिली होती, करार केला होता. परंतु महाराजांच्या राजधानीने त्यात सही केलेली नव्हती.

मला वाटते, शिष्यवृत्तीच्या साऱ्या इतिहासाचे मर्म येथे आहे. आपण नेहमी विचारतो की, घेणाऱ्याने काय फेडले. शिकून आलेल्या माणसाला घर, खुर्ची आणि पाण्याचा पेला देण्याची जबाबदारी कोणाची, हे कोणी विचारीत नाही. दहा वर्षांची सेवा तो द्यायला आला होता. ती स्वीकारण्याची लायकी समोरच्यांत नव्हती. करार मोडला तो कोणी?

पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार कर्जाऊ दिले, आणि १९२० मध्ये ते लंडनला परत गेले. अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करून डी. एस्‌सी. आणि बॅरिस्टर होऊनच ते थांबले. पारशी खाणावळीतून ज्यांना हाकलले त्यांना एका पारशी मित्रानेच हात दिला, ही गोष्ट माणसांविषयी घाऊक मत बनवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी.

१९४२ मध्ये आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेले तेव्हा त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी सरकारकडून वर्षाला तीन लाखांची तरतूद करून घेतली. स्वतंत्र भारतात १९५४-५५ पासून परदेशी शिक्षणासाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती योजना सुरू झाली, आणि २००३ पासून महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे. महाराजांच्या मर्जीवर किंवा मित्राच्या मायेवर जे मिळाले ते अर्ज करून, हक्काने मिळावे, हीच त्यांची फेड होती असे मी मानतो. ज्याने घेतले त्याने देणाऱ्याला परत केले नाही. आपल्या मागून येणाऱ्यासाठी दार उघडे करून ठेवले.

५

तेव्हा त्या संध्याकाळी मी विचारलेला प्रश्न चुकीचा होता. ती पैसे परत करणार का, हे सावकाराने विचारावे. मी एवढेच विचारायला हवे होते की, ती परत आली किंवा तिकडेच राहिली, तरी तिच्या मागून जाणाऱ्या मुलीची बातमी तिला कोण कळवणार.

पंधरा दिवसांनी तीच मुले पुन्हा आली. रक्कम पुरी झाली होती. आभार मानायला आली होती. त्यांना बसवून घेतले आणि चहा देता देता कॉर्नेलच्या मुलींची हकीकत सांगितली. त्यांच्यातल्या मुलीने हिशेब करून विचारले, "आजोबा, वर्षाला एकदा आणि दहा वर्षं? म्हणजे आमच्या नोकऱ्या लागल्यावरसुद्धा?"

"त्यानंतरच खरं," मी म्हटले.

ती काही बोलली नाही. पण जाताना तिने पावतीपुस्तक उघडले, माझ्या नावाच्या जुन्या पावतीच्या स्थळप्रतीवर पेन्सिलीने बारीक अक्षरात काही लिहिले आणि पुस्तक मिटले. मी चष्मा लावला नव्हता. तरी एवढे दिसले की, तो आकडा पुढल्या वर्षाचा होता.